जलनिस्सारण व्यवस्थेचे कार्यमापन (सोलापूर)

शहरात वापरलेले आणि शहरावर पडलेले पाणी किती प्रमाणात, किती वेगाने व कोणत्या अवस्थेत बाहेर जाते, हे आकड्यांत मांडण्याची पद्धत. तिच्या कक्षेत दोन व्यवस्था येतात : घरांतले मैलापाणी नेणारी भुयारी गटारे, म्हणजे सोलापुरी बोलण्यातले ‘ड्रेनेज’, आणि पावसाचे पाणी नेणारी उघडी गटारे व नाले. कागदावर त्या वेगळ्या असतात. प्रत्यक्षात ड्रेनेज तुंबले की चेंबरमधून मैला गटारीत येतो आणि जोराचा पाऊस झाला की गटारीचे पाणी चेंबरमध्ये शिरते. मोजणीतल्या निम्म्या अडचणींचे मूळ या सरमिसळीत आहे.

भारतात यासाठी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवापातळीचे निकष ठरवून दिले. मैलापाण्यासाठी नऊ निकष आहेत. शौचालये, जोडण्या, मैला गोळा होण्याचे प्रमाण, शुद्धीकरणाची क्षमता व दर्जा या सर्वांचे लक्ष्य १०० टक्के, तर शुद्ध केलेल्या पाण्याच्या पुनर्वापराचे लक्ष्य २० टक्के आहे. उरलेले निकष खर्चवसुली, शुल्कवसुली आणि तक्रारनिवारणाचे आहेत. पावसाळी पाण्यासाठी दोनच निकष आहेत : किती लांबीच्या रस्त्यांना गटारे आहेत आणि वर्षभरात किती ठिकाणी पाणी साचले. प्रत्येक आकड्यापुढे तो किती विश्वासार्ह आहे याची श्रेणीही लिहायची असते. अहवाल वाचणारे बहुधा हाच रकाना ओलांडून पुढे जातात. वास्तविक तो आधी वाचायला हवा.

जोडण्यांचा निकष सोलापुरात सरासरीने काढला तर फसवतो. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौ. किमी. झाले. साखर पेठ, शुक्रवार पेठ यांसारख्या जुन्या दाट पेठा आणि जुळे सोलापूर, शेळगी यांसारखा विरळ, पसरत गेलेला ‘हद्दवाढ भाग’ यांची बेरीज करून निघालेला टक्का दोहोंपैकी कोणाचाच नसतो. शिवाय रस्त्याखाली वाहिनी असणे आणि घर तिला जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारातून वाहिनी जात असतानाही सेप्टिक टँक व शोषखड्ड्यावर चालणारे घर जोडणीत धरता येत नाही.

खरी कसोटी लागते ती मैला गोळा होण्याच्या निकषाला. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आलेले मैलापाणी भागिले शहरात तयार झालेले मैलापाणी, असे हे सूत्र आहे. तयार होणारे मैलापाणी मोजता येत नाही, म्हणून ते वापरलेल्या पाण्याच्या ८० टक्के मानतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. माणशी रोज १३५ लिटर या राष्ट्रीय मानाने हिशेब केला तर पाणी सुमारे १२.८ कोटी लिटर आणि मैलापाणी सुमारे १०.३ कोटी लिटर येते.

हिशेब सोपा आहे. पाणी मात्र रोज येत नाही. उजनी धरण, भीमेवरील टाकळी-औज बंधारे आणि हिप्परगा तलाव यांवर भिस्त असलेल्या या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे पाणी पाहिले आहे. ज्या भागाची पाळी, त्या भागात त्या दिवशी भांडी, कपडे, फरशा सगळे उरकले जाते आणि ड्रेनेज भरून वाहते. पुढचे दिवस ते जेमतेम झिरपते. त्यामुळे एका दिवसाच्या प्रवाहमापनाला इथे फारसा अर्थ नाही. मोजणी पाळीचे पूर्ण चक्र धरून करावी लागते. मधल्या दिवसांची तूट बोअर आणि हातपंप भागवतात, त्या पाण्याला मीटर नसतो. ते हिशेबात धरले नाही की भाजक लहान होतो आणि टक्केवारी आहे त्यापेक्षा देखणी दिसते. पावसाळ्यात फुटक्या वाहिन्यांतून बाहेरचे पाणी आत आले, तर ती शंभराच्याही वर जाऊ शकते.

असे आत झिरपणारे पाणी ओळखण्याची रूढ रीत म्हणजे पहाटे दोन ते चारच्या सुमारास प्रवाह मोजणे. शहर झोपलेले असते, तेव्हा जे वाहते ते बहुतांशी जमिनीतले, असा तिचा तर्क आहे. ज्या गल्लीत नळाला पाणी रात्री-अपरात्री सुटते आणि बायाबापड्या हंडे घेऊन जाग्या असतात, तिथे हा तर्क टिकत नाही.

वाहिनीत गाळ बसू नये यासाठी दिवसातून एकदा तरी प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.६ मीटर व्हावा असा संकेत आहे. तो तपासायला मोठे यंत्र लागत नाही. वरच्या चेंबरमध्ये रंग सोडायचा आणि खालच्या चेंबरमध्ये तो दिसेपर्यंतचे सेकंद मोजायचे. दोन चेंबरमध्ये ३० मीटर अंतर असेल तर ५० सेकंदांच्या आत रंग दिसला पाहिजे. सूत रंगवणाऱ्या वस्तीत पाणी आधीच रंगीत असण्याची शक्यता असल्याने तिथे रंगाऐवजी तरंगणारी वस्तू सोडणे बरे. पाळीच्या मधल्या दिवसांत हा वेग मिळत नाही, मैला तळाशी बसतो आणि पुढच्या पाण्याला चेंबर उसळतात. ड्रेनेज तुंबण्याचे खापर नेहमी प्लास्टिकवर फुटते. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा वाटा सहसा कोणी मोजत नाही.

शुद्धीकरणाचा दर्जा ठरवताना पाण्याचे किती टक्के नमुने मानकात बसले ते पाहतात. त्यातली मुख्य चाचणी बीओडीची, म्हणजे जंतूंना मैला कुजवायला किती प्राणवायू लागतो याची. भारतीय पद्धतीत नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. चादरी आणि टॉवेलांच्या या शहरात डाय हाऊसचे, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यांचे, पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळले, तर बीओडी मानकात बसूनही पाण्यातला रंग आणि क्षार तसेच राहू शकतात. पुनर्वापर करायचा असेल तर हे दोन्ही वेगळे मोजावे लागतात.

पावसाळी गटारांबाबत सोलापूरची गत निराळी आहे. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साडेपाचशे मिमी.च्या आसपास आहे. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगबीजारोपणाच्या प्रयोगासाठी सोलापूर निवडले होते. पण गटाराला वर्षाचा पाऊस कळत नाही. त्याला तासाचा पाऊस कळतो. तासाला ५० मिमी. वेगाने पाऊस पडला आणि काँक्रीट झालेल्या एका हेक्टरवरून त्याचा ८० टक्के भाग वाहिला, तर तासात ४०० घनमीटर पाणी नाल्याकडे निघते. त्याच जागी मोकळे शेत असते आणि ३० टक्केच वाहिले असते, तर ते १५० घनमीटर झाले असते. काळी माती वाहून जाणाऱ्या पाण्याचे हे प्रमाणही स्थिर ठेवत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन जूनमधला पाऊस गटागटा पिते. सप्टेंबरमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत पावसाच्या महिन्यात, तीच माती फुगून भेगा मिटवते आणि बहुतेक पाणी वाहून जाते.

पाणी साचण्याची सरकारी व्याख्या चार तासांहून अधिक काळ सहा इंचांहून अधिक पाणी अशी आहे. थोडा वेळ पण धो धो पडणाऱ्या पावसात तासाभरात घरात शिरून ओसरलेले पाणी या व्याख्येत बसत नाही. सोलापूरसाठी खोली आणि वेळ यांबरोबर उंबरा ओलांडला की नाही, हेही नोंदवायला हवे.

हाताने मैला उपसणे व कामगाराला सुरक्षासाधनांविना चेंबरमध्ये उतरवणे यांवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही किती चेंबर यंत्राने साफ झाले आणि कितींत माणूस उतरला, याचा रकाना २००८ च्या नऊ निकषांत नाही.

तक्रारी वेळेत निवारण्याचे लक्ष्य ८० टक्क्यांचे आहे. एकच चेंबर महिन्यात तीनदा तुंबले आणि तिन्ही वेळा जेटिंग मशीन (पाण्याच्या जोरदार झोताने वाहिनी मोकळी करणारे यंत्र) वेळेत येऊन गेले, तर नोंदीत तीन यशस्वी निवारणे जमा होतात. म्हणून तक्रारींपेक्षा दर किलोमीटर वाहिनीमागे वर्षाला किती वेळा तुंबले, ही संख्या अधिक बोलकी ठरते. ती प्रभागवार आणि पाणी सुटण्याच्या तारखांशेजारी ठेवून वाचावी लागते.