कुंडीतल्या लिंबाला ताण हवा

गॅलरीतलं लिंबू हिरवंगार आहे, नवी पालवी सारखी फुटते, पण फुलाचा पत्ता नाही. अशा वेळी बहुतेक लोक खत आणि पाणी वाढवतात. झाड आणखी हिरवं होतं आणि फूल आणखी लांबतं. विदर्भातल्या वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला विचारलंत तर तो आधी एवढंच विचारेल : ताण दिला होता का, म्हणजे काही काळ पाणी तोडलं होतं का?

मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं, धरायचा असेल तर तिकडे उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग जूनचा पाऊस पडला की काही आठवड्यांत झाड फुलांनी भरून जातं. आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्यानंतरच्या फुलांना, डिसेंबरची थंडीही हेच काम करते. दोन्हींत झाडाची वाढ थांबते, आणि लिंबूवर्गीय झाडं अशा थांबण्यातच फुलांची तयारी करतात.

कुंडीतही हे चालतं का? 1986 साली फ्लोरिडातल्या साउथविक आणि डेव्हनपोर्ट या संशोधकांनी कुंड्यांतल्या ताहिती जातीच्या लिंबांवर नेमकं हेच तपासलं. चार-पाच आठवडे पाण्याचा ताण दिलेली झाडं फुलली. ताण पुरेसा असेल तर दोन आठवडेही भागले. पाणी न तोडता नुसत्या थंडीत, म्हणजे दिवसा 18 आणि रात्री 10 अंशांवर, ठेवलेल्या झाडांनाही फुलं आली.

यामागे एफटी नावाचं प्रथिन आहे. थंडीत किंवा ताणात ते पानांमध्ये जास्त तयार होतं आणि अन्नरसाबरोबर फांदीवरच्या डोळ्यांपर्यंत पोचतं. त्या डोळ्यातून पालवी फुटायची की कळी, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. 2005 साली जपानी संशोधकांनी हे प्रथिन बनवणारं लिंबूवर्गातलं जनुक त्रिपर्णी संत्र्यात, म्हणजे लिंबूवर्गाच्या एका जवळच्या नातलग झाडात, सतत चालू ठेवलं, तेव्हा एरवी फुलायला कित्येक वर्षं घेणारं ते झाड काही महिन्यांतच फुललं. मला यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते ती ही, की फुलाचा निरोप मुख्यतः पानातून निघतो. म्हणून ताण देताना झाड निष्पर्ण होऊ देऊ नये.

बागेचं वेळापत्रक मात्र कुंडीला लावू नका. जमिनीतल्या झाडाची मुळं खालची ओल शोधतात. बारा इंची कुंडीत खाली ओल असतेच कुठे? मे महिन्याच्या उन्हात ते झाड चार-सहा दिवसांत वाळून जाईल. घरच्या झाडाला ताण द्यायला डिसेंबर-जानेवारी बरा, कारण थंडीचीही मदत होते. नत्राचं खत आधीच थांबवावं. दुपारी पानं वळली आणि संध्याकाळीही सावरली नाहीत, की वाटी-दोन वाटी पाणी द्यावं, त्याहून जास्त नाही. असं तीन-चार आठवडे करावं. मग कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी, वर कुजलेलं शेणखत, आणि पुढे नियमित पाणी.

हे सगळं कलमाला लागू आहे. खाल्लेल्या लिंबाची बी रुजवून आलेलं रोप बाल्यावस्थेत अनेक वर्षं काढतं आणि तोवर ताणाला दाद देत नाही. जंबेरी या खडबडीत सालीच्या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या रोपावर, डोळा भरलेल्या कलमात तो डोळा मुळात प्रौढ झाडाचा असतो, म्हणून ते दोन-तीन वर्षांत फुलतं.

दुसरी अट उजेडाची. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक. उघड्यावर भर दुपारी एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, खोलीत खिडकीपासून दोन-तीन हात आत तो काहीशेवर येतो. आपल्या डोळ्यांना ती खोली लख्ख वाटते, झाड मात्र उपाशी असतं. साखरच पुरेशी बनत नसेल तर ताण देऊन झाड फक्त खंगेल. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी उत्तम. पाच-सहा तास थेट ऊन हवंच. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी थंडीत झाड घरात घेताना हीटरजवळ ठेवू नये. उजेडाची पण गार खोली निवडावी, कळ्यांची तयारी तिथेच होते.

फुलं आली की बंद घरात मधमाश्या नाहीत म्हणून घाबरू नका. लिंबाचं फूल स्वतःच्या परागानेही फळतं, मऊ ब्रश फिरवला तरी पुरे. फुलं आणि इवली फळं मोठ्या संख्येने गळतील. जमिनीतल्या बागेतही शंभरातली मोजकीच टिकतात. लहान कलमावर पहिल्या बहाराची चार-पाच फळंच ठेवावीत. फळांनी लगडलेल्या झाडाच्या पानांत एफटी कमी तयार होतं आणि पुढचा बहार मार खातो.