मेंदूत पसरणारा कॅन्सर आणि नियमात न बसणाऱ्या गाठी

शरीरात इतरत्र सुरू झालेला कॅन्सर मेंदूत येतो तो बहुधा रक्तातून. करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात. पेशी तिथेच अडकतात. सुमारे ८० टक्के गाठी मोठ्या मेंदूत, १५ टक्के लहान मेंदूत आणि उरलेल्या मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) सापडतात. रक्तपुरवठ्याची वाटणीही साधारण अशीच असते.

हा हिशेब चुकवणारे रुग्ण डॉक्टरांना फार पूर्वीपासून भेटत आले आहेत. स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ‘बी आणि माती’चा सिद्धांत मांडला: पेशी कुठेही पोहोचोत, रुजतात मोजक्याच अवयवांत. १९२८ मध्ये अमेरिकेचे रोगनिदानतज्ज्ञ जेम्स युइंग यांनी रक्ताभिसरणाच्या वाटांवर भर दिला, आणि पॅजेट बराच काळ मागे पडले.

तरी एक कोडं होतंच. शिरांमधलं रक्त एरवी आधी फुप्फुसातून जातं. प्रोस्टेटचा कॅन्सर फुप्फुसाला हातही न लावता मणक्यात, क्वचित मेंदूतही कसा जातो? १९४० मध्ये अमेरिकेचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी मृतदेहाच्या शिश्नाच्या शिरेत एक्स-रेवर दिसणारा द्राव सोडला. तो मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून वर चढत गेला. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त उलटं वाहू शकतं. प्रयोग देखणा, पण त्याने सगळं सुटलं असं म्हणवत नाही. ओटीपोटातल्या आणि आतड्यांच्या कॅन्सरच्या गाठी लहान मेंदूच्या बाजूला जास्त आढळतात हे देलात्र आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. त्याचं पूर्ण उत्तर नुसत्या रक्ताच्या वाटेत मिळत नाही.

दुसरा विचित्र प्रकार म्हणजे गाठच नसणं. मॅडो आणि अल्पर्स यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णांत रक्तवाहिन्यांभोवती कॅन्सरच्या पेशींचे असंख्य सूक्ष्म ठिपके होते. रुग्ण गोंधळलेला, लक्षणं मेंदूज्वरासारखी. असे ठिपके सीटी स्कॅनलाही चकवू शकतात. हल्ली ते फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकात बदल असलेल्या रुग्णांत, नोंदले गेले आहेत.

काही नमुने तर उपचारांनीच घडवले. १९९८ मध्ये मंजूर झालेलं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध स्तनाच्या एचईआर२ प्रकारच्या (एचईआर२ हे प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरला शरीरात रोखतं, पण रक्त आणि मेंदू यांमधला अडसर फारसं ओलांडत नाही. त्यामुळे बाकी शरीरात आजार आटोक्यात असताना मेंदूत गाठ निघणं नेहमीचं झालं. २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या टुकॅटिनिब या औषधाच्या चाचणीत म्हणूनच मेंदूत गाठी असलेल्या रुग्णांनाही मुद्दाम घेतलं होतं.