तिळाला खत किती? एका शिफारशीमागची गोष्ट

ऑगस्टमध्ये खानदेशात तिळाच्या एखाद्या झाडापाशी उकिडवे बसून पाहा. चौकोनी खोडावर खाली बोंडे भरत आलेली असतात, मधली कोवळी असतात आणि शेंड्याकडे पांढरट-जांभळट फुले अजून उमलतच असतात. तीळ असा खालून वर फुलत जातो, आणि शेंडा वाढतोय तोवर फुलतच राहतो. शेंडा हिरवा असतानाच खालचे बोंड पिकून तडकते आणि दाणे मातीत सांडतात. तिळाला खत किती द्यायचे, हा प्रश्न अवघड झाला तो या सवयीमुळे.

पीक फार जुने आहे. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत, आणि ‘तेल’ हा शब्दच मुळी तिळावरून आला. आपल्या शेतात मात्र त्याचा मान सणापुरताच राहिला. हलकी जमीन, उताराचा तुकडा, नाहीतर बाजरी, मूग, तूर, कपाशीत टाकलेल्या चार ओळी, एवढीच त्याची जागा. उकिरड्यातले शेणखत आधी कपाशीला आणि बागायतीला जायचे. तीळ मागच्या पिकाच्या बेवडावर, म्हणजे त्याने जमिनीत ठेवलेल्या कसावर यायचा.

खताचे शास्त्रही त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने 1840 मध्ये वनस्पतीच्या अन्नद्रव्यांचा सिद्धांत मांडला, 1842 मध्ये इंग्लंडच्या लॉझने सुपरफॉस्फेट या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचे पेटंट घेतले आणि 1843 पासून तिथल्याच रॉथमस्टेडच्या शेतावर खतांचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडे तमिळनाडूतल्या राणीपेटला 1906 मध्ये सुपरफॉस्फेटचा पहिला कारखाना निघाला, सिंद्रीचा मोठा खत कारखाना 1951 मध्ये. पण गोणी आली ती गहू, भात, उसाच्या नावाने. देशाला धान्य हवे होते, ते बरोबरच होते. त्यात कोरडवाहू तेलबिया मात्र मागे पडल्या.

राहुरीचे कृषी विद्यापीठ 1968 मध्ये आणि अकोल्याचे 1969 मध्ये उभे राहिले. पुढे तिळाचे सुधारित वाण निघाले: जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचे तापी (जेएलटी-7), पद्मा (जेएलटी-26) आणि नंतरचा जेएलटी-408; अकोल्याचे एकेटी-64 आणि एकेटी-101. नावातच गाव आहे, जेएलटी म्हणजे जळगावचा तीळ. 1986 च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने या कामाला जोर दिला.

वाण आणि खत यांचा प्रयोग एकत्रच करावा लागतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये रॉथमस्टेडला आले आणि त्यांनी वाफ्यांच्या मांडणीचे गणित बसवले. तेच गणित आजही कृषीचे विद्यार्थी वापरतात: वाण वेगवेगळे, प्रत्येक वाणाला नत्राच्या (नायट्रोजनच्या) चढत्या मात्रा, आणि शेजारी बिनखताचा वाफा. मग झाडाची उंची, फांद्या, बोंडे, बोंडातले दाणे आणि हजार दाण्यांचे वजन मोजायचे. खताला सगळ्यात ठळक दाद देतात ती बोंडे. हजार दाण्यांचे वजन अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास असते, ते खताने फारसे हलत नाही. म्हणजे खताने दाणा मोठा होत नाही, बोंडे वाढतात. मात्रा वाढवत नेली की एका टप्प्यानंतर उत्पादनाची वाढ मंदावते. नत्र फार झाले तर झाड पाल्यावर जाते, लोळते, शेंडा फुलतच राहतो आणि तोवर खालची बोंडे फुटून जातात. पीक उंच दिसते आणि ताडपत्रीवर पेंड्या झटकल्या की तीळ मात्र कमी निघतो.

आपल्याकडची शिफारस या सगळ्यातून आली आहे: हेक्टरी 25 किलो नत्र पेरताना आणि 25 किलो तीन आठवड्यांनी. ही विभागणी विचाराने केलेली आहे. तिळाचे बी इतके बारीक की बारीक वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून पाभरीने पेरावे लागते. त्या रोपाची मुळे पहिल्या पंधरवड्यात फार खाऊ शकत नाहीत, आणि एकदम दिलेले सगळे नत्र जुलैच्या पावसाने वाहून जाते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत विरळणी आणि खुरपणी झालेली असते, झाड भराभर उंच होऊ लागते. नत्र त्याला तेव्हा लागते. पद्मा 72 ते 78 दिवसांत तयार होतो. त्याला हा दुसरा हप्ता उशिरा देणे म्हणजे दिलेले फुकट घालवणे. नव्वदीच्या पुढे जाणारा, उन्हाळ्यात पाण्यावर घेतला जाणारा एकेटी-101 थोडा सवडीने खाऊ शकतो. त्यामुळे एका वाणाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये, असे मला ठामपणे वाटते.

गंधकाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती कोणाच्या लक्षात न येता घडली. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद असते आणि सोबत 11 टक्के गंधक. अमोनियम सल्फेटमध्येही गंधक भरपूर. जुन्या काळी ही खते टाकली की तेलबियांना गंधक आपोआप मिळायचे, त्याचा वेगळा विचार कोणी करत नव्हते. मग नुसत्या नत्राचा युरिया आणि नत्र-स्फुरदाचे डीएपी ही खते आली. हिशेब करून पाहू. हेक्टरी 25 किलो स्फुरद द्यायचे तर सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या तीन गोण्यांहून थोडे जास्त लागते, आणि जमिनीत 17 किलोच्या आसपास गंधकही जाते. तेवढेच स्फुरद डीएपीच्या एका गोणीत आणि वर चार किलोत बसते. त्यात गंधक जवळपास नाहीच. तिळाच्या दाण्यात निम्मे तेल, आणि तेल भरायला गंधक लागते. म्हणून पुढे शिफारशीत वेगळी ओळ आली: जमिनीत कमतरता असेल तर हेक्टरी 20 किलो गंधक.

ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या (पोटॅशच्या) खतांच्या किमतींवरचे सरकारी नियंत्रण उठले, युरियाचे राहिले. युरिया स्वस्त, बाकी महाग, म्हणून शेतात नत्राचे पारडे आणखी जड झाले. एप्रिल 2010 पासून खताचे अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यांवर ठरू लागले आणि नत्र, स्फुरद, पालाशाच्या जोडीला गंधकही त्यात आले. तरी पेरणीच्या घाईत दुकानात उभा असलेला शेतकरी तीन गोण्या वाहण्यापेक्षा एक उचलतो. भाडे, हमाली, मजुरी सगळे त्याच्याच खिशातून जाते. त्या एका गोणीत गंधक नाही, हे त्याला दुकानातच कोणी सांगितले, तर तो तिळासाठी तरी सुपर फॉस्फेट मागेल.