आनुवंशिक रक्तविकार आणि मुलांचे डोळे

थॅलॅसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या आनुवंशिक रक्तविकारांमुळे किंवा त्यांच्या उपचारांमुळे मुलांच्या डोळ्यांत होणारे बदल. हे बदल बहुधा मुकाट्याने होतात. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या मुलाचाही पडदा (दृष्टिपटल) कडेने बिघडलेला असू शकतो.

घरच्यांना आधी दिसतो तो डोळ्यांचा पिवळेपणा. थॅलॅसेमिया आणि सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी अकाली फुटून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढते, म्हणून तो येतो. त्याने नजर जात नाही. पण सातारा-सांगलीच्या खेड्यांत त्याला कावीळ समजून झाडपाल्याचे औषध सुरू होते आणि निदान लांबते. वारंवार ‘कावीळ’ होणाऱ्या मुलाची हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी रक्ततपासणी) करावी. मामे-आते भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत तर नक्कीच.

सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या पेशी पडद्याच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. प्राणवायूला मुकलेल्या भागालगत नव्या, नाजूक वाहिन्या पंख्यासारख्या पसरतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते, कधी पडदाच सुटतो. नेत्रतज्ज्ञ मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या बिघाडाचे ५ टप्पे सांगितले. दहाव्या वर्षापासून दर १-२ वर्षांनी बाहुली मोठी करून पडदा तपासावा. महाराष्ट्रात हा आजार मुख्यतः विदर्भ व सातपुड्याच्या पट्ट्यातला, त्यामुळे कृष्णाकाठी तो चटकन आठवेलच असे नाही.

थॅलॅसेमियात धोका बराचसा औषधाचा आहे. वारंवार रक्त चढवल्याने साठलेले लोह काढणाऱ्या डेफेरॉक्सामिनने रातांधळेपणा येऊ शकतो, रंग ओळखण्यात गफलत होते; डेफेरासिरॉक्समुळे क्वचित डोळ्यातले भिंग गढूळ होते. पण म्हणून औषध थांबवायचे नाही. ते सुरू करण्यापूर्वी आणि पुढे दरवर्षी डोळे तपासायचे. जत-आटपाडीहून रक्त चढवायला मिरजेला येणाऱ्या मुलाची तपासणी त्याच फेरीत उरकावी, म्हणजे आईबापांचा आणखी एक रोज बुडत नाही. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते, हे मुलाला आधीच सांगावे.

विटी डोळ्याला लागून बुबुळापुढे रक्त साचले, तर सिकलसेलचा नुसता वाहक असलेला मुलगाही धोक्यात असतो. ताठर पेशी डोळ्यातील पाण्याचा निचरा अडवतात, दाब चढतो. तो उतरवण्यासाठी एरवी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी इथे शक्यतो टाळतात. तिने रक्तातील आम्लता वाढून पेशी आणखी वाकतात. सिकलसेलचे कार्ड अशा वेळी सोबत हवे. हिमोफिलियाच्या मुलाला डोळ्याला जोराचा मार लागल्यास आधी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचे इंजेक्शन, मग स्कॅन.