पार्श्वभूमी : जुन्या बालमालिकांना ‘एचडी’ मिळतं कुठून?

जुनी बालमालिका ब्लू-रे डिस्कवर हाय डेफिनिशनमध्ये (एचडीत) येणार अशी जाहिरात झाली की एक शंका हमखास निघते. त्या काळी एचडी होतंच कुठे? घरातल्या छोट्या पडद्यावर चित्र गढूळच दिसायचं, मग आता दिसणारी कापडाची वीण आणि ब्रशचे फटकारे आले कुठून? उत्तर मालिकेगणिक बदलतं. काही मालिकांमध्ये हा तपशील पहिल्यापासून होता, फक्त प्रक्षेपणात गळून जायचा. काहींमध्ये तो कधीच नव्हता आणि कितीही पैसे ओतले तरी येणार नाही. कोणती मालिका कुठल्या बाजूला पडणार, हे चित्रीकरणाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. ठरवणाऱ्यांपुढे तेव्हा पुढच्या पिढ्या वगैरे काही नव्हतं, होता तो विक्रीचा हिशेब.

ब्रिटनमधलं १९६०चं दशक यासाठी बघण्यासारखं आहे. दोन्ही टोकं तिथे शेजारी शेजारी सापडतात.

कार्यक्रम साठवायचे तेव्हा दोन मार्ग होते, फिल्म आणि व्हिडिओ टेप. ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली दोन इंच रुंदीच्या टेपवर चित्र मुद्रित करणारं यंत्र आणलं आणि स्टुडिओतलं काम हळूहळू तिकडे वळलं. टेपवरचं चित्र रेषांचं असतं आणि रेषांची संख्या ठरलेली असते : ब्रिटनमध्ये आधी ४०५, मग ६२५. त्या ६२५ पैकीही प्रत्यक्ष चित्राच्या ५७६च. पूर्ण एचडीला १०८० लागतात. फिल्मला अशा रेषाच नसतात. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये एचडीहून जास्त तपशील असतो, आणि १६ मिलिमीटरचीही एचडीपर्यंत बऱ्यापैकी मजल जाते.

टेप महाग होती, पण पुसून पुन्हा वापरता यायची. इथेच घात झाला. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि घरी विकत घेऊन बघायची सोय तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. बीबीसीत १९७८ साली जतनाचं धोरण बदलेपर्यंत टेपा सर्रास पुसल्या गेल्या. ‘डॉक्टर हू’ ही १९६३ साली सुरू झालेली, घरातल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली मालिका. तिचे साठच्या दशकातले शंभराच्या घरातले भाग गहाळ झाले. जे उरले ते मुख्यतः परदेशी विक्रीसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेल्या १६ मिलिमीटरच्या फिल्म प्रतींमुळे.

त्याच काळात लंडनजवळ स्लाव इथल्या औद्योगिक वसाहतीत गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची कंपनी कळसूत्री बाहुल्यांच्या मालिका ३५ मिलिमीटरवर चित्रित करत होती. यात कलेचा आग्रह असेलही, पण मुख्य कारण व्यापाराचं होतं. अर्थपुरवठा करणारे ल्यू ग्रेड यांची नजर अमेरिकी बाजारावर होती. देशोदेशींच्या टीव्हीची रेषासंख्या वेगळी, वेग वेगळा. फिल्म मात्र कुठेही चालायची. अँडरसन यांची ‘फायरबॉल एक्सएल५’ ही कृष्णधवल मालिका अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने घेतली होती. पुढचा माल रंगीत हवा हे उघड होतं, म्हणून १९६४ची ‘स्टिंगरे’ पूर्ण रंगीत झाली आणि १९६५ची ‘थंडरबर्ड्स’सुद्धा. गंमत अशी की ब्रिटिश मुलांनी ती कृष्णधवलच पाहिली. त्यांच्या आयटीव्ही वाहिनीवर रंग यायला १९६९चा नोव्हेंबर उजाडला.

ग्रेड यांनी ‘थंडरबर्ड्स’चा पहिला भाग पाहून तो अर्ध्या तासाऐवजी तासाभराच्या वेळेत बसवायला सांगितलं. मग आधीच चित्रित झालेल्या भागांना नवे प्रसंग जोडावे लागले. इतकं करूनही अमेरिकेतल्या बड्या वाहिन्यांनी मालिका घेतली नाही आणि ३२ भागांवर ती थांबली. ज्या गिऱ्हाइकासाठी रंगीत निगेटिव्हचा खर्च केला ते फिरकलंच नाही, पण निगेटिव्ह मागे राहिली. ग्रेड यांच्या आयटीसी कंपनीचं भांडार पुढे पॉलिग्रॅम, कार्लटन असं हात बदलत आजच्या आयटीव्हीकडे आलं. आजचं सगळं रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या चित्राची डागडुजी, त्या फसलेल्या विक्रीच्या जिवावर चालतं.

निगेटिव्ह हाती आली म्हणजे काम संपलं असं नाही, किंबहुना तिथूनच ते सुरू होतं. आधी रीळ हाताने तपासून निखळलेले जोड पुन्हा चिकटवायचे, फिल्मच्या कडेची फाटलेली छिद्रं सांधायची. अ‍ॅसिटेट फिल्म दमट उबेत राहिली की आंबते, तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती आक्रसते. असं रीळ स्कॅनरमधून न्यायचं तर वेग उतरवावा लागतो. धूळ घालवायला ध्वनिलहरींची धुलाई. पाठीवरच्या ओरखड्यांसाठी फिल्म एका द्रवातून नेत स्कॅन करतात. द्रव ओरखड्यात भरतो, प्रकाश तिथे वाकत नाही आणि ओरखडा चित्रात उमटत नाही. चित्राच्या थरावरच ओरखडा असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, तो संगणकावर फ्रेमगणिक बुजवावा लागतो. सुमारे ५० मिनिटांचा एक भाग, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे भागाला ७२,००० आणि ३२ भागांच्या २३ लाखांवर फ्रेम. सॉफ्टवेअर बरंचसं काम उरकतं, पण ठिणग्या आणि धुराळा यांनाच ते कचरा समजतं. दर थोड्या वेळाने स्फोट होणाऱ्या मालिकेत ही बारीक अडचण नव्हे.

रंगांचं प्रकरण याहून नाजूक. त्या काळच्या ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या प्रतींतला निळसर रंगद्रव्याचा थर आधी उडतो आणि चित्र गुलाबी पडतं. निगेटिव्ह तुलनेने बरी असली, तरी प्रसंगाला नेमकी कुठली छटा हवी होती ते ती सांगत नाही, ते प्रत काढताना ठरायचं. चांगली राहिलेली एखादी जुनी प्रत सापडली तर तिचा आधार, नाहीतर रंग जुळवणाऱ्याचा अंदाज. शिवाय एक दृश्य विरून दुसरं उमटतं त्या जागा आणि पडद्यावरची अक्षरं दुसऱ्या पिढीच्या नकलेवर तयार व्हायची. म्हणून लखलखीत चित्र मध्येच दोन सेकंद मऊ पडतं आणि पुन्हा टवटवीत होतं. ही डिस्कची खोट नाही, मूळचीच आहे.

मुद्दाम केलेली मोडतोड वेगळी. रुंदी-उंचीचं प्रमाण बघितलं तर जुनं चित्र ४:३, आजचा पडदा १६:९. कडेच्या काळ्या पट्ट्या गिऱ्हाइकाला खुपतात असं धरून वितरक चित्र वरून-खालून छाटतात आणि पाव चित्र जातं. ‘थंडरबर्ड्स’ २००८ साली ब्रिटनमध्ये ब्लू-रेवर आली ती अशीच छाटून. एवढा खटाटोप करून निगेटिव्हमधला तपशील बाहेर काढायचा आणि त्यातला चौथा हिस्सा फेकून द्यायचा, याचं समर्थन मला तरी सुचत नाही. त्याच घराण्यातल्या ‘कॅप्टन स्कार्लेट’चा पुढे निघालेला ब्लू-रे ४:३मध्येच राहिला आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

दाण्यांचं म्हणजे ग्रेनचंही तसंच. फिल्मचं चित्र दाण्यांनीच बनलेलं असतं. ते पुसायला गेलं की बारीक रेषाही पुसल्या जातात आणि सगळं मेणाचं दिसू लागतं. जपानी ‘ड्रॅगन बॉल झी’ ही २९१ भागांची, १६ मिलिमीटरवरची ॲनिमेशन मालिका. अमेरिकेत २००७ साली तिचे छाटलेले डीव्हीडी संच निघाले. चाहत्यांनी गलका केल्यावर २०११ साली मूळ आकारातले, फ्रेमगणिक दुरुस्त केलेले ब्लू-रे सुरू झाले. दोन संच आले आणि खर्च परवडेना म्हणून ते थांबले. पुढचे संच पुन्हा छाटलेले आणि दाणे घासून काढलेले. चांगलं काम कसं करायचं हे वितरकाला ठाऊक होतं, त्या किमतीला ते विकलं जाईना.

बाहुल्यांच्या तारांवर तर वाद होणारच. ‘थंडरबर्ड्स’च्या बाहुल्यांना टंगस्टनच्या अतिबारीक तारा होत्या. आधी मुद्रित केलेल्या संवादांचा संकेत त्यांच्यातून डोक्यातल्या सॉलेनॉइडपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकी कळीपर्यंत, जायचा आणि ओठ हलायचे. तारा चमकू नयेत म्हणून मागच्या देखाव्याशी मिळतेजुळते रंग त्यांना लावत. घरच्या टीव्हीवर एवढं पुरायचं, एचडीत पुरत नाही. आज त्या संगणकाने सहज पुसता येतील. पुसू नयेत असं माझं मत. तार दिसते तेव्हा तिला लपवायला घेतलेली मेहनतही दिसते. धूळ नंतर येऊन बसली, तार मात्र निर्मात्यांनीच बांधली होती.

फिल्मने तारलेल्यांची ही गोष्ट झाली. आता याच ल्यू ग्रेड यांचं दुसरं अपत्य घ्या. १९७६ ते १९८१ या काळात त्यांच्याच कंपनीच्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘द मपेट शो’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमाचे १२० भाग झाले. अमेरिकेसह जगभर ते धो धो विकले गेले. पण ते टेपवर मुद्रित झाले, त्यामुळे खरं एचडी त्यांच्या नशिबी नाही. अमेरिकेतल्या बड्या वाहिन्यांनी न घेतलेली मालिका एचडीत झळकते आणि खपलेली धूसर राहते.

पुढे मधला प्रकारही आला : चित्रीकरण फिल्मवर, संकलन आणि करामती (स्पेशल इफेक्ट्स) टेपवर. अशा मालिकेची एकसंध निगेटिव्ह नसतेच. मूळ रिळं शोधून एकेक कट पुन्हा जुळवावा लागतो, करामती नव्याने कराव्या लागतात. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेसाठी २०१२ ते २०१४ या काळात हे केलं गेलं. बालमालिकेवर तेवढा खर्च करायला कुणी सहसा धजत नाही.

टेपवाल्या मालिकांसाठी धडपड झाली ती रंगांची. ‘डॉक्टर हू’चे सत्तरच्या दशकातले काही रंगीत भाग फक्त कृष्णधवल फिल्म प्रतींत उरले होते. एका कथेसाठी १९९२ साली अमेरिकेतल्या घरगुती टेपवरचा रंग त्या प्रतींवर बसवला गेला. नंतर लक्षात आलं की काही कृष्णधवल प्रतींत रंगाचा संकेतच बारीक ठिपक्यांच्या रूपात अडकून बसला आहे. ते ठिपके वाचून रंग पुन्हा काढता येतो, आणि २००९च्या डीव्हीडीत त्याचा उपयोग झाला. याच मालिकेची १९७०ची एक कथा स्टुडिओतल्या संपामुळे सगळीच्या सगळी १६ मिलिमीटर फिल्मवर, स्टुडिओबाहेर चित्रित करावी लागली होती. तीच २०१३ साली खऱ्या एचडीत ब्लू-रेवर आली. २०१८पासून मालिकेचे हंगामवार ब्लू-रे संच निघू लागले. त्यांतला टेपवरचा भाग ५७६ रेषांवरून वाढवलेला आहे. डिस्कवर जागा ऐसपैस असल्याने चित्र कमी दाबावं लागतं, हालचालीत ते फुटत नाही, आणि टेपच्या मालिकेला ब्लू-रेचा खरा फायदा तेवढाच मिळतो.