पंखा फिरतो, वाफ मात्र तिथेच

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही फ्लॅटमध्ये बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बहुधा एकाच पद्धतीने बसवलेला दिसतो. खिडकीला काचेच्या पट्ट्या असतात. इलेक्ट्रिशियन वरच्या दोन-तीन पट्ट्या काढून तिथे सहा इंची पंखा अडकवतो आणि खालच्या पट्ट्या तिरप्या, उघड्याच राहतात. पंखा घरघरतो, तरी आरसा धुरकट आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी. मग घरात ठरतं, पंखा लहान पडला, आठ इंची आणू.

आकाराचा दोष क्वचितच असतो. पंख्याने खोलीतला दाब जरासा कमी केला की बाहेरची हवा मिळेल त्या सोप्या वाटेने आत येते. इथे ती वाट वीतभर खाली आहे. उघड्या पट्ट्यांतून शिरलेली हवा लगेच पंख्यातून परत बाहेर जाते, बादलीवरची वाफ जागची हलत नाही. पंख्याजवळच्या पट्ट्या बंद करा आणि हवा समोरच्या दाराखालून येऊ द्या, म्हणजे ती सगळी खोली ओलांडून जाईल. सहा इंची पंख्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 177 चौरस सेंटिमीटर भरतं. 75 सेंटिमीटर रुंद दाराखाली 2 सेंटिमीटर फट ठेवली, तर 150 होतात. तेवढं पुरतं. पेटती उदबत्ती फटीशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर मात्र ‘पंखा आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. ज्योतीला ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद खोलीत पंख्याच्या ओढीने गिझरच्या धुराड्यातला वायू उलटा आतही येऊ शकतो. असा गिझर बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

आता आकाराचा हिशेब. 5 बाय 7 फुटांचं, 9 फूट उंच बाथरूम म्हणजे सुमारे 9 घनमीटर हवा. ती तासाला आठ ते दहा वेळा बदलायची तर 70 ते 90 घनमीटर पुरे. सहा इंची पंखे सहसा यापेक्षा बरीच जास्त हवा फेकतात. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे पाइप जोडला, त्याला दोन वळणं दिली की तो झपाट्याने घसरतो. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप लावला तर वाट निम्म्याहूनही कमी उरते, आणि नागमोडी लवचीक नळी तर आणखी अडवते. पाइप आखूड, सरळ, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे आत जमलेलं पाणी पंख्यात परतणार नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की खिडकी उघडली तरी भागतं. खरी गरज हिवाळ्यात. 30 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम वाफ धरते, 15 अंशांची जेमतेम 13. परभणीच्या थंडीत गारठलेल्या भिंतीवर ही जास्तीची वाफ पाणी होऊन ओघळणारच. आणि नेमक्या त्याच दिवसांत गार वाटतं म्हणून पंखा बंद असतो! अंघोळ उरकून बाहेर आल्यावर लावा, वीसेक मिनिटं चालू द्या. बाहेरची थंड हवा मुळात कोरडी, आत येऊन तापली की ओल पटकन उचलते. श्रावणात तसं होत नाही. बाहेरचीच हवा दमट, त्यामुळे वेळ जास्त लागतो.

वाफ कुठे सोडता तेही पाहा. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडली तर बुरशी फक्त नजरेआड जाते. इमारतीच्या डक्टमध्ये सोडत असाल, तर गच्चीवर जाऊन त्याचं तोंड उघडं आहे ना बघून या. पुष्कळदा पावसासाठी कुणीतरी वर पत्रा टाकलेला असतो, आणि तुमची ओल वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये जाते. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप लावा, नाहीतर पंखा बंद असताना कबुतरं तिथे काड्या आणायला लागतात.