चुंबक हलला पाहिजे

जिनिव्हाचा तरुण शास्त्रज्ञ जाँ-दानिएल कोलादों याच्या हातून 1825 साली एक मोठा शोध थोडक्यात निसटला. तारेच्या वेटोळ्यात ताकदवान चुंबक सरकवला तर तारेतून वीज वाहते का, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्यासाठी त्याने तारेला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे वीज वाहिली की सुई हलवून दाखवणारं यंत्र, जोडला. पण त्या मीटरची सुई स्वतःच चुंबकीय. वेटोळ्याजवळच्या चुंबकाने ती परस्पर हलली तर निष्कर्ष चुकायचा. म्हणून पठ्ठ्याने मीटर पलीकडच्या खोलीत ठेवला आणि तिथवर लांब तारा ओढल्या. चुंबक आत घालायचा, उठून त्या खोलीत जायचं, सुई बघायची. सुई दर वेळी शून्यावर.

सुई हलत होती, पण तो तिथे पोहोचेपर्यंत परत जागेवर यायची. खबरदारी अगदी योग्य होती. कमी पडला तो मीटरजवळ बसणारा दुसरा माणूस.

तारेतून वीज वाहू लागली की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते, हे कोपनहेगनच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने 1820 मध्येच दाखवलं होतं. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? पण चुंबक तारेपाशी नुसता ठेवला की वीज वाहत राहील, अशी बहुतेकांची अपेक्षा होती.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने 29 ऑगस्ट 1831 रोजी एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याला सुई. बॅटरी जोडल्याक्षणी सुई हलली आणि स्थिरावली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही नाही. काढली तेव्हा सुई पुन्हा हलली, पण उलट दिशेला. 17 ऑक्टोबरला त्याने पोकळ वेटोळ्यात थेट चुंबकाची कांडी खुपसली. आत जाताना सुई एकीकडे, बाहेर येताना दुसरीकडे.

वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत असतं, तोवरच वीज. कितीही जबरदस्त चुंबक तारेशेजारी वर्षभर ठेवा, दिवा लागणार नाही. बदल जितका झपाट्याने आणि वेढे जितके जास्त, तितका विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, अधिक.

चुंबकत्व येतं ते इलेक्ट्रॉनांमुळे. प्रत्येक इलेक्ट्रॉन जात्याच इवलासा चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत त्यांच्या जोड्या जमतात आणि एकाचा प्रभाव दुसरा पुसून टाकतो. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांत काही इलेक्ट्रॉन एकटे उरतात आणि शेजारपाजारच्या अणूंमधले असे इलेक्ट्रॉन गटागटाने एका दिशेला वळतात. साध्या खिळ्यात हे गट वाट्टेल त्या दिशांना असतात, चुंबकात बरेचसे एकाच दिशेला. लोखंड सुमारे 770 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की ही शिस्त मोडते.

मग ही वीज फुकटची म्हणायची का? जुन्या सायकलींना टायरला टेकवायचा डायनॅमो असायचा. तो लावला की सायकल जड व्हायची. टायर घासतो म्हणून, असं आपण समजायचो, आणि ते काही अंशी खरंही होतं. पण डायनॅमोच्या वेटोळ्यात वाहू लागलेली वीज स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि ते आतल्या फिरत्या चुंबकालाच अडवतं. 1834 मध्ये हाइनरिख लेन्झने हा नियम मांडला. पटत नसेल तर तांब्याच्या नळीतून निओडायमियमचा चुंबक सोडून पाहा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी तो रमतगमत खाली येतो. या विरोधावर मात करायला आपण जे श्रम करतो, तेच विजेच्या रूपाने दिव्यापर्यंत पोहोचतात.

कोयनेला ते श्रम पाणी करतं. धरण पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीवर, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहांतून कोकणाच्या बाजूला, वाशिष्ठीत सोडलेलं. चौथ्या टप्प्यातली चार जनित्रं प्रत्येकी 250 मेगावॅटची आहेत. अशा जनित्रात मधला रोटर फिरतो आणि भोवतीची वेटोळी जागच्या जागी राहतात. रोटरवर असतात ते विद्युतचुंबक. म्हणजे वीज बनवायला आधी थोडी वीज लागते! पण त्यामुळे चुंबकाची ताकद, आणि तिच्याबरोबर व्होल्टेज, हवं तसं कमीजास्त करता येतं.

उत्तर आणि दक्षिण ध्रुव वेटोळ्यांसमोरून आळीपाळीने जातात, म्हणून प्रवाह सारखा दिशा बदलतो. भारतात सेकंदाला 50 आवर्तनं. दोन ध्रुवांच्या रोटरला त्यासाठी मिनिटाला 3000 फेरे घ्यावे लागतात. पाण्याच्या जोरावर रोटर फिरवणारी चाकं, म्हणजे टर्बाइन, त्यामानाने संथ, म्हणून ध्रुव वाढवतात. 16 ध्रुव असले की 375 फेऱ्यांत भागतं.

संध्याकाळी घरोघर दिवे लागले की वेटोळ्यांतला प्रवाह वाढतो, रोटरला होणारा विरोध वाढतो आणि 50 चा आकडा घसरू लागतो. तेव्हा टर्बाइनवर जास्त पाणी सोडावं लागतं. जलविद्युत केंद्राला हे चटकन जमतं, म्हणून ऐन मागणीच्या वेळी कोयनेवर भिस्त असते. पाणी वाढेपर्यंतचे पहिले काही क्षण अवजड रोटर आपल्या गतीच्या जोरावर निभावून नेतात. सौर पॅनलमध्ये चुंबक नाही आणि फिरणारंही काही नाही, त्यामुळे हा आधार तिथे मिळत नाही. सौर आणि पवन विजेचा वाटा खूप वाढल्यावर दक्षिण ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये चार अजस्र यंत्रं ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याला, जोडली. ती कुठल्याही इंधनावर वीज बनवत नाहीत. त्यांचे रोटर ग्रिडच्या तालात नुसते फिरत राहतात आणि तोच आधार देतात.